पिवळा टॅग
थेरगावच्या बास्केटबॉल कोर्टवर सराव सुरू होण्याआधी तेजस्विनी एक काम न चुकता करते. बारा मुली रांगेत उभ्या राहतात. एकेकीनं पळत यायचं, बोर्डाखाली उंच उडी मारायची आणि खाली यायचं. चेंडू मिळत नाही. चेंडू हातात असला की लक्ष रिंगकडे जातं आणि पायांची चूक झाकून जाते. तेजस्विनी उकिडवी बसून गुडघ्यांकडे बघते. दोन्ही पाय एकदम टेकले, गुडघे सरळ वाकले, तर ‘पास’. नाहीतर ‘परत’.

ही रीत तिच्या वडिलांची. साहेबराव लातूरकडून आले, भोसरीला पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपला लागले आणि बत्तीस वर्षं तिथंच राबले. शिफ्टचा पहिला पीस निघाला की मशीन थांबवायचे, माप घ्यायचे, बरोबर असेल तरच पुढचा लॉट काढायचे. सुपरवायझर घाई करायला लागला की म्हणायचे, “पहिलाच खोटा असला तर मागचे हजार कुणासाठी काढू साहेब, भंगारवाल्यासाठी?”

“ताई, उद्या व्हर्निअरच आणा मापायला,” रांगेतली दिव्या म्हणते. तिला रोज दोनदा उडी मारावी लागते.

“तुला कशाला व्हर्निअर? तुझी चूक रस्त्यावरून दिसती.”

तेजस्विनी खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली आणि आठ वर्षं रेल्वेकडून खेळली. उंची बेताची, म्हणून पायांवर मेहनत घेतली. तिसाव्या वर्षी एक फायनल पुण्यात होती. दोन दिवस आधी ती घरी आली तेव्हा गुडघा सुजलेला होता. कठड्याला धरून एकेक पायरी चढताना साहेबरावांनी तिला पाहिलं. ते काही बोलले नाहीत. फायनल बघायला त्यांच्या सगळ्या शॉपनं सुट्टी टाकली होती. तिनंही प्रशिक्षकाला कळू दिलं नाही. गुडघा बांधला, खेळली. रिबाउंड घेऊन खाली येताना लिगामेंट तुटलं. संघ जिंकला. नोकरी राहिली, खेळ गेला. आता दिवसा ऑफिस, संध्याकाळी कोर्ट. साहेबराव जाळीजवळच्या बाकावर येऊन बसतात. त्या जिन्याचा विषय बापलेकीत कधी निघाला नाही.

यंदा फेब्रुवारीत, राज्य संघाच्या निवड चाचणीला तीन दिवस उरले असताना, रांगेत अपेक्षा आली. सोळा वर्षांची, सगळ्यांत उंच उडणारी. खाली आली ती उजव्या पायावर. डावा नुसता टेकवला.

“परत.”

तीनदा तेच झालं. “बूट घसरतायत ताई.”

“काढ बूट.”

अनवाणीही तेच. तेजस्विनीनं डाव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. गरम होता.

दुसऱ्या दिवशी ती तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे उडी बंद सांगितली. चाचणीच्या फॉर्मवर प्रशिक्षकाची सही लागते. अपेक्षानं बाहेर येताच फॉर्म पुढे केला.

“एकच दिवस ताई. बांधून खेळते. तुम्ही नाही का खेळलात? फोटो आहे की तुमचा ऑफिसात, पट्टी बांधलेला.”

तेजस्विनीनं फॉर्म घेतला, सही केली नाही. सही केली तर पोरीचा गुडघा जाणार. नाही केली तर पोरगीच जाईल, खेळ सोडून. अशा गेलेल्या तिनं पाहिल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी पहिली शिफ्ट संपवून अपेक्षाची आई, कौशल्याबाई, कोर्टवर आल्या. महाळुंग्याच्या एका कंपनीत त्या पीस तपासायचं काम करतात. अंगावर कंपनीचाच ड्रेस. अपेक्षा फाटकापाशीच थांबली.

“मॅडम, पोरगी कालपासून जेवली नाही. काय ते एकदा सांगून टाका. लाल टॅग का पिवळा? लाल असला तर सरळ भंगारात, मग मी तिला अभ्यासाला बसवते. पिवळा असला तर बाजूला ठेवू, पुन्हा तपासू. पण टॅग न लावता माल पडून राहिला की तो कुणीतरी उचलून गाडीत भरतंच.”

तेजस्विनी बोलायच्या आधी बाकावरून आवाज आला.

“पिवळा लावा बाई. मी एकदा लावला न्हाई.” साहेबराव जमिनीकडे बघत होते. “जिन्यात दिसलं होतं मला. तपासणारा मी, अन् घरचाच पीस जाऊ दिला.”

मुलींचे चेंडू थांबले होते.

“मी लपवलं होतं, अण्णा,” तेजस्विनी म्हणाली.

“लपवलेलं हुडकायचंच तर काम होतं माझं.”

तिनं फॉर्म काढला, मागच्या कोऱ्या बाजूला सहा आठवड्यांनंतरची तारीख घातली आणि खाली सही केली. फाटकाशी जाऊन तो अपेक्षाच्या हातात दिला.

“पिवळा. तोवर रोज यायचं. बसून पास टाकायचे, दोनशे.”

अपेक्षा चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली, खुर्चीवर बसली, कुणाशी बोलली नाही. दोनशे पास टाकले. यंदाचा राज्य संघ तिच्याशिवाय गेला.

तारीख आली तेव्हा ती रांगेत शेवटी उभी होती. पळत आली, उडाली.

“परत.”

“ताई, बरोबर तर होती!”

“डावा उशिरा टेकला. परत.”

तिसऱ्या उडीला दोन्ही पायांचा एकच आवाज आला. तेजस्विनी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली.

“पास. चेंडू घे, दहा मिनिटं. अकरावं मिनिट मागितलंस, तर उद्या पुन्हा खुर्ची.”