काचेवरची तीट

सायन्समध्ये मी एक शोध लावला. तो गौरीच्या वर्गात जेमतेम एक तास टिकला.

गौरी माझी थोरली नात, नववीत आहे. लहानपणी हिचे गाल म्हणजे लोण्याचे गोळे! अंघोळ झाली की काजळाची तीट मीच लावायचो, दुसऱ्या कुणाला लावू द्यायचो नाही. (तिच्या आजीलाही नाही. त्यावरून आमचं वाजायचं.) आता त्याच गालांवर पुटकुळ्या आल्यात. मी नुसता हात पुढं केला तरी पोरगी म्हणते, "आबा, गालाला हात नको." मीही हट्टी. न्हाय तर न्हाय म्हटलं आणि हात खिशात घातला. तिथं त्याला करमत नाही, ते सोडा.

तर शाळेत हिला प्रयोग मिळाला. लहान पोराच्या आणि वयात आलेल्या पोराच्या गालातल्या पेशींत काय फरक असतो ते बघायचं. हिनं घरी दोन काचपट्ट्या आणल्या. टूथपिकनं आधी धाकट्या बहिणीचा, चिमीचा गाल आतून हलकासा खरवडला, मग स्वतःचा, आणि एकेका काचेवर फासला.

मी विचारलं, "ह्यात काय दिसतंय गं?"

"पेशी. जुन्या झडतात, नव्या येतात."

"म्हंजी तुझा लहानपणीचा गाल कुटं गेला?"

"तो कधीच झडला, आबा. भाकरीबरोबर पोटात गेला."

ती हसली. मला काही हसू आलं नाही. मी एवढा जपलेला गाल, आणि पोरीनं खाऊन टाकला!

काचा वाळेपर्यंत लक्ष ठेवा, उद्या अख्खा वर्ग भिंगातून बघणार आहे, असं सांगून ती आत गेली. इथं माझं डोकं चाललं. चिमीचा एवढासा गाल आणि एवढ्या पोरांचे डोळे! साधी नजर लागते, मग भिंगातून मोठी केलेली केवढी लागेल? एवढ्या शिकल्या-सवरलेल्यांत हा विचार कुणी केलाच नव्हता. मी सूनबाईची काजळाची डबी घेतली आणि चिमीच्या काचेवर बरोब्बर मधोमध बारीक तीट लावली. गौरीच्या काचेपाशीही बोट नेलं. मग मागं घेतलं. नको म्हणते ना.

पेशीच्या पोटात एक ठिपका असतो म्हणे, त्याला केंद्रक म्हणतात. दुसऱ्या दिवशी चिमीच्या काचेत ते निघालं भलंमोठं, काळंकुट्ट! गौरीनं वर्गापुढं सांगून टाकलं की बालपणी केंद्रक अवाढव्य असतं आणि वयात येताना जवळजवळ नाहीसं होतं. पोरांनी लिहूनही घेतलं. मग मॅडमनी काच हातात घेऊन बोट फिरवलं. बोट काळं झालं.

गौरी घरी आली ती दप्तर आपटतच. मी माघार घेतली नाही. "नजर लागली असती तर? तुझ्या मॅडम येनार होत्या व्हय मीठ-मोहऱ्या ओवाळायला?"

ती धुसफुसत म्हणाली की काजळ पुसून कडेच्या पेशी बघितल्या, तर तिच्या आणि चिमीच्या सारख्याच दिसतात, ओळखूच येत नाहीत. मग माझ्याकडं वळली.

"माझ्या काचेवर का नाही लावली?"

"तूच म्हनलीस की, गालाला हात नको."

ती उठली आणि काजळाची डबी घेऊन आली. मी पटकन हात धुऊन, ताठ बसून बोट पुढं केलं. पण डबी तिनं स्वतःच उघडली, माझी हनुवटी धरली आणि माझ्याच खप्पड गालावर तीट लावली.

"आता कळंल, कसं वाटतं ते."

कळलं की! तसाच दूध आणायला गेलो. शुक्रवार पेठेतले सगळे दात काढत होते. पानवाला म्हणाला, "आबा, आज कुणाची नजर लागनार हाय?" येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आलो. ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांनी काय करायचं?

गाल झडतो, हे आता मला ठाऊक झालंय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, ते एकाच बाजूचं.