पी.पी. जमुनाबाईची बॅटरी

लोकेंद्र टेंभऱ्याने गावातले मोबाइल बंद पाडले ते स्वातंत्र्यदिनी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, झेंड्याखाली उभं राहून. हेडमास्तरांचा घसा बसला होता. त्यांनी समोर नजर फिरवली, तर इस्त्रीच्या शर्टातला आणि गोंदियाच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेला असा एकटा लोकेंद्रच दिसला. "दोन शब्द बोल," म्हणून त्यांनी माइक त्याच्या हाती दिला. दोन शब्दांवर थांबायची लोकेंद्रला सवय नव्हती.

साल दोन हजार सात. त्या सकाळी दवनीवाड्याच्या टपरीवर चहा पिताना त्याने पेपर वाचला होता. पेपर म्हणजे अर्धा पेपर. पहिल्या पानाचा खालचा भाग टपरीवाल्याने आलूबोंड्यांसोबत कुणाला तरी बांधून दिला होता. वरच्या भागात मोठ्या अक्षरांत होतं, की मोबाइल बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने स्वतःच कबूल केलं आहे, आमच्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्या तापून फुगू शकतात, उडू शकतात. शेजारी बॅटरीचा फोटो. लोकेंद्रने शहिदांना दोन वाक्यांत उरकलं आणि तो बॅटरीवर आला.

"बंधू-भगिनींनो, आज शत्रू सीमेवर नाही. तो आपल्या खिशात आहे!"

टाळ्या पडल्या नाहीत, हात खिशांकडे गेले. मागच्या रांगेतल्या एकाने मोबाइल काढून गवतावर ठेवला आणि चार पावलं मागे सरला. बुंदी वाटायच्या आधीच मैदान रिकामं झालं. पोरांनी बुंदी दोनदा घेतली.

खुद्द लोकेंद्रकडे मोबाइल नव्हता, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. उलट दुपारपर्यंत तिघांनी त्याला घरी बोलावून आपापली बॅटरी दाखवली, आणि त्याने मोठ्या डॉक्टरसारखी नुसती मान हलवली. संध्याकाळी जमुनाबाई रहांगडाले त्याच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा ती मान हलायची थांबली.

जमुनाबाई पंचेचाळिशीची, चौथी शिकलेली, अंगाने वाळकी आणि पायाने भन्नाट. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाने बालाघाटहून मोबाइल आणून दिला होता, बहिणीची खुशाली कळावी म्हणून. खुशाली राहिली बाजूला. वर्षभरात अर्ध्या गावाने तो नंबर फॉर्मांवर, लग्नपत्रिकांवर, पोरींच्या बायोडाट्यांवर लिहून टाकला. नंबरापुढे लिहायचं, पी.पी. जमुनाबाई. म्हणजे फोन तिचा, निरोप आपला. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत मोबाइल, पिशवीला नाडा आणि नाडा गळ्यात, अशी ती फिरायची. फोन आला की "दहा मिनिटांनी लावा जी, घेऊन जातो" म्हणायची आणि निघायची. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत तर शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, गुडघाभर चिखलातून. लांबूनच हाक यायची, "ओ रविता, तुह्या भावाचा फोन वो!" घेत काही नव्हती. एकाने रुपया पुढे केला, तर "मी का एसटीडी आहो का?" म्हणून ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याचे निरोप मात्र पोचवत राहिली.

तिच्या हातून एकच फोन चुकला होता. ती तापात पडलेली असताना रामलालच्या पोराला कंपनीतून बोलावणं आलं. घंटी वाजून वाजून थांबली, जागा दुसऱ्याला गेली. रामलाल एक शब्द बोलला नाही. तेच तिला लागलं होतं.

आता चेतनाचा फोन यायचा होता. चेतना म्हणजे मागच्या गल्लीतल्या शालीकराम पटल्याची थोरली. नागपूरच्या नर्सिंग शाळेत तिचं नाव वेटिंगला पहिलं होतं. तिथल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, की एक जागा सुटणार आहे, सोळा तारखेला दुपारी चारच्या आत फोन करू. फोन लागला आणि मुलगी हो म्हणाली तर जागा तिची, नाही लागला तर खालच्या नावाची. इकडे शालीकरामनेही सांगून ठेवलं होतं. यंदा नाही जमलं तर तिरोड्याचं स्थळ बसलेलंच आहे, दिवाळीनंतर लगीन.

आज तारीख पंधरा. जमुनाबाईने लोकेंद्रपुढे मूठ उघडली. तळहातावर बॅटरी होती. ओली, भांड्यासारखी लख्ख, एक अक्षर नसलेली.

"हे काय केलंस गा तू?"

"मी काय केलं, काकी?"

"तुहं भाषण आयकून आमचे हे घरी धावत आले. मी न्हात होती. बॅटरी काढली आन ढोराच्या टाक्यात बुडवली. दोन घंटे! मंग राखेनं घासली. म्हने, बारूद निघून जाते."

तिच्या मागे उभा असलेला तिचा नवरा मनोहरलाल हळूच म्हणाला, "चमकून तं राहिली ना."

जमुनाबाईने नुसतं मागे पाहिलं. मनोहरलाल अंगणातल्या चिंचेकडे बघू लागला.

गावात मोबाइल एकूण आठ. सहा त्याच बॅटरीचे. त्यातली एक बॅटरी भाताच्या बांधीच्या चिखलात पुरलेली, एक विहिरीत, तीन संध्याकाळच्या बसने गोंदियाच्या दुकानात जमा, सहावी ही. सातवा मोबाइल सरपंचांचा, तो सरपंचांसोबत मुंबईला गेलेला. आठवा बिनसिमचा, पाचशे रुपयांच्या स्कीमवाला. त्यात जमुनाबाईचं सिम घालायला जागाच नव्हती.

"उद्या पहिल्या बसनं जातो काकी. नवी बॅटरी घेऊन दोनच्या आत परत," लोकेंद्र म्हणाला. आवाज माइकवरच्यापेक्षा बराच लहान होता.

गोंदियात श्यामलालच्या दुकानापुढे गर्दी रस्त्यावर आली होती. काउंटरवर बॅटऱ्यांचा ढीग, ढिगावर ओलं फडकं. एक सेठाणी मोबाइल स्वयंपाकाच्या सांडशीत धरून आली होती आणि ओरडत होती, "भैया, पहले मेरा निकालो, घर में गैस सिलेंडर है!" एक म्हातारा म्हणत होता की त्याचा मोबाइल काल रात्रभर तुळशीपाशी ठेवला, काही झालं नाही. तिसऱ्याला घाई वेगळीच होती. फुटल्यावर कंपनी नवा सेट देते का, हे त्याला विचारायचं होतं.

"नई बैटरी?" श्यामलाल हसला. "पूरे गोंदिया में ढूँढ लो. आठ दिन बाद आना."

लोकेंद्रने आणखी चार दुकानं पालथी घातली. मग एसटीडी बूथवरून नर्सिंग शाळेला फोन लावला. एंगेज. नऊ वेळा लावला, नऊ वेळा एंगेज. साडेअकरा वाजता तो पुन्हा श्यामलालच्या दुकानात आला तेव्हा काउंटरवर कालचाच पेपर पडलेला दिसला. अख्खा. त्याने पहिल्या पानाचा खालचा अर्धा भाग वाचला, आणि त्याचे कान गरम झाले.

सगळ्या बॅटऱ्या वाईट नव्हत्या, ठरावीक महिन्यांत बनलेल्या होत्या. तक्रारी एवढ्या कोटींत शंभरेक. धोका होता तो फक्त चार्जिंगला लावलेली असताना. बॅटरीवरचा लांबलचक नंबर कंपनीला मेसेजने पाठवला की चांगली की वाईट ते उत्तर येत होतं. म्हणजे बॅटरी बरी आहे का हे विचारायला मोबाइल चालू हवा, आणि मोबाइल चालू व्हायला बॅटरी. आणि नंबर तर मनोहरलालकाकांनी राखेने घासून काढला होता. ढिगातली एखादी जुनी तरी द्या म्हटलं, तर श्यामलालने ढिगावरचं फडकं नीट केलं, ती सगळी कंपनीला परत जायची होती.

दीड वाजता तो गावात उतरला. जमुनाबाईच्या अंगणात शालीकराम आणि चेतना येऊन बसले होते. लोकेंद्रचे रिकामे हात सगळ्यांनी आधी पाहिले. त्याने पेपरातलं सांगितलं, या वेळी खालपर्यंत.

"म्हंजे चार्जिंगले लावली तरच फुटते?" जमुनाबाईने विचारलं.

"फुटंलच असं नाही काकी. लाखात एखादी..."

"काल माइकवर तं लाखात म्हटलं नाई."

जमुनाबाई उठली. "दोनले लाइट येते. लावतो मी."

"तू कायले लावतेस?" मनोहरलाल ताडकन म्हणाला. "ज्यानं पेटवलं त्यानं बसावं."

चेतनाने फक्त लोकेंद्रकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे फक्त हिशेब होता, चार वाजायला किती वेळ आहे याचा.

पडवीच्या टोकाला खिडकीपाशी प्लग होता. वायर दोन हात. लोकेंद्र तिथे उकिडवा बसला. एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला ओला बारदाना. सांडशी मनोहरलालने आणून दिली आणि तो गल्लीपलीकडे जाऊन उभा राहिला. शालीकरामनेही चेतनाला तिकडेच नेलं. तिथे आता पंधरावीस माणसं जमली होती. काल भाषण ऐकून पळालेली तीच.

लाइट दोन वाजून बारा मिनिटांनी आली. लोकेंद्रने बटण दाबताना डोळे मिटले. उघडले तेव्हा मोबाइलच्या छोट्या खिडकीत उजेड होता.

"धूर निघून राहिला का बे?" गल्लीतून कुणीतरी विचारलं.

"नाही."

"निघंल, निघंल. बसून राय."

अडीच. लोकेंद्रने बोटांच्या पाठीने मोबाइल चाचपला, लेकराचा ताप बघावा तसा. कोमट. सगळेच मोबाइल चार्जिंगला कोमट होतात हे त्याला ठाऊक होतं, पण ते ठाऊक असणं पोटापर्यंत पोचत नव्हतं. पावणेतीन. आता गरम. की त्याचाच हात थंड पडला होता? कपाळावरचा घाम नाकावर आला, तरी त्याने पुसला नाही. हात हलवला आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?

तीन वाजता त्याला वाटलं, पुरे झालं. त्याने वायर काढली. खिडकी एकदम काळी झाली. राखेने घासलेली ती बॅटरी काही साठवतच नव्हती. वायर होती तोवर जीव, वायर गेली की मढं. घाईघाईने त्याने पुन्हा जोडली, आणि मोबाइल सुरू होऊन टॉवर धरेपर्यंतचं दीड मिनिट जमुनाबाई खांबाला धरून उभी राहिली. तेवढ्यात फोन येऊन गेला असता तर कळायलाही मार्ग नव्हता. रामलाल गर्दीत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तीन वीसला घंटी वाजली. गल्लीतली माणसं दोन पावलं मागे गेली. जमुनाबाई झेपावली आणि प्लगपाशी बसून तिने मोबाइल कानाला लावला.

"कोन? रविताचा भाऊ? आज पी.पी. बंद आहे बापू, उद्या लावजो." आणि कट. तिने आयुष्यात पहिल्यांदा निरोप परतवला होता. रविता गल्लीतच उभी होती, ती "काही नाही काकी, राखीचंच असंल" म्हणाली.

साडेतीन. पावणेचारला पाच कमी. मोबाइल आता हाताला चांगलाच लागत होता. लोकेंद्रने ओल्या बारदान्याचं टोक मुठीत धरलं. आणि घंटी वाजली.

"हो जी, पी.पी. बोलतो," जमुनाबाई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "हाय जी, हाय. पोट्टी इथंच आहे. ठेवू नका जी."

चेतना निघाली, तर शालीकरामने तिचं मनगट धरलं. "तू नको जाऊ, पोरी. चार्जिंगवर बोलाचं नसते. मी जातो."

"बाबूजी, नर्स तुमाले व्हायचं आहे का?"

त्याचा हात सुटला की तिने सोडवला, हे नंतर कुणाला नक्की सांगता आलं नाही. ती गल्ली ओलांडून आली आणि जमुनाबाई आणि लोकेंद्र यांच्या मध्ये उकिडवी बसली. तिघांची डोकी दोन हात वायरीत एकमेकांना टेकली.

"हो मॅडम. चेतना शालीकराम पटले. हो. येतो... येते मॅडम. उद्या अकरा वाजता. हो, नक्की. कागदपत्रं कोणती मॅ..."

लाइट गेली. खिडकी काळी. पडवीत एकाएकी माश्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"फुटली का?" शालीकराम गल्लीतून ओरडला.

"नाही बाबूजी," चेतना म्हणाली. "लागला नंबर."

जमुनाबाईने मोबाइल फरशीवर ठेवला, पदराने आधी चेहरा पुसला आणि मग मोबाइल. दीड तास उकिडवं बसून लोकेंद्रचे पाय आखडले होते. रामलालने येऊन त्याला बगलेत हात घालून उभं केलं.

कागद कोणते ते ऐकायच्या आधीच फोन मेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला शालीकरामने घरातला प्रत्येक कागद घेतला. मार्कशीट, दाखला, रेशन कार्ड, चेतनाच्या लसीचं कार्ड आणि शेताचा सातबारासुद्धा. नर्सिंग शाळेतल्या बाईंनी सातबारा तेवढा परत केला.

बॅटरीवर नंबर नाही म्हणून कंपनीने बदलून दिली नाही. दिवाळीत भाऊ नवी घेऊन येईपर्यंत जमुनाबाईचा मोबाइल दावणीला बांधलेल्या गाईसारखा प्लगपाशी राहिला, आणि लाइट असेल तेवढीच ती पी.पी. होती. लोकेंद्रकडे तिने बॅटरी मागितली नाही. एवढंच म्हणाली, "ज्या माइकवरून बोललास, त्याच माइकवरून सांगजो. अर्धाच पेपर वाचला होता म्हनून."

लोकेंद्र लगेच हो म्हणाला. सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांचा घसा ठणठणीत होता. पुढच्या पंधरा ऑगस्टला लोकेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून अगदी समोर उभा राहिला. हेडमास्तरांनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि सुट्टीवर आलेल्या चेतनाला माइक दिला. ती दोनच शब्द बोलली आणि खाली बसली.

रोवण्याच्या दिवसांत जमुनाबाई अजून धुऱ्याने कुणाचा तरी फोन घेऊन जाते. लोकेंद्र दिसला की न थांबता विचारते, "सांगतलं का गा?"

"सांगतो काकी," लोकेंद्र चिखलात उभा राहून म्हणतो. "माइक भेटू द्या."