दांडी खालीच होती

हे मी कुणाशीच बोललेलो नाही. बायकोशी नाही, भावाशी नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मी भलतंच काहीतरी मागत राहतो — ही गोष्ट वर येऊ नये म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि तरीही लिहिताना मध्येच दाराकडे बघतोय. चार वर्षं झाली. फोनवर चंद्रकांतचं नाव उमटलं की अजून मी तो उलटा करून ठेवतो.

मी महाडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. शिकवत नाही. मीटर, तारा, लोलक काढून देतो, संध्याकाळी परत कपाटात ठेवतो. पण पोलादपूरच्या वर डोंगरातल्या कुडपण गावात मला 'सर' म्हणतात, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. का करावं? ऐकायला बरं वाटतं.

चंद्रकांत कुडपणचा. मुंबईत बारा वर्षं कंपनीत काढली आणि शेती करायला गावी परतला. एकदा महाडला आला असताना त्याने मला मैदानावर बॅटरीवरचं, रिमोटचं विमान उडवताना पाहिलं. तासभर उन्हात उभा होता. पुढे ते विमान पुरात गेलं. खरं सांगायचं तर मी ते जेमतेम दोन महिने उडवलं होतं आणि त्यातही चार वेळा आपटलं होतं. पण चंद्रकांतच्या लेखी मी मोठा जाणकार. आपणही विमान घ्यायचं आणि कुडपणच्या पठारावर उडवायचं, असं त्याने मनात घेतलं. "सर, सामान तुम्हीच निवडा. मला त्यातलं काय कळत नाय."

मी निवडलं. झोकात निवडलं! विमान फोमचं, कारण आपटलं तरी चिकटवता येतं. पंख वरच्या अंगाला असलेलं, कारण नवख्याच्या हातून तिरपं झालं तरी ते आपणहून सरळ होऊ बघतं. रिमोट चार चॅनलचा, म्हणजे चार हालचाली वेगवेगळ्या सांभाळणारा. बॅटरी तीन सेलची, त्याहून मोठी नको, वजन वाढतं. चार्जर प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवणारा, कारण या बॅटऱ्या फुगतात, पेटतात. मोटार, पुढचा पंखा, जास्तीचे चार पंखे. मी सांगत होतो आणि तो वहीत लिहून घेत होता. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

सगळे भाग सुटे मागवले. पार्सल आलं, आणि एका रविवारी त्याच्या पडवीत आम्ही खोकं उघडलं. त्याची बायको, सुलभावहिनी, काम टाकून येऊन बसल्या होत्या. शेजारची दोन-चार माणसंही होती. चंद्रकांतने मोटार हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "सर, ह्या तीन वायरी कशात जोडायच्या?"

बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये काडेपेटीएवढा एक भाग लागतो — स्पीड कंट्रोलर. रिमोट सांगेल तेवढीच वीज तो मोटारीला सोडतो. तो नसेल तर विमान म्हणजे फोमचा तुकडा. आणि मी तो यादीत लिहायलाच विसरलो होतो.

'विसरलो' म्हणायला काय लागत होतं? आठ-दहा दिवसांत नवा आला असता. चंद्रकांत हसला असता फार तर. पण सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "तो मी मुद्दाम माझ्याकडे ठेवलाय. नवाच आहे. पुढच्या रविवारी आणतो." वर मोटार, बॅटरी आणि रिमोटही सगळं जुळवून आणतो म्हणून घरी घेऊन आलो.

जुन्या विमानासाठी जास्तीचा घेतलेला एक कंट्रोलर माझ्याकडे होता, हे खरं. न वापरलेला होता, हेही खरं. फक्त तो खालच्या खणात होता आणि पुरात दोन दिवस पाण्याखाली होता.

तुम्ही महाडचे नसाल तर हे कळायचं नाही. पुराचं पाणी लागलं म्हणून आमच्याकडे कुणी वस्तू टाकून देत नाही. टाकायला निघालो तर घरात उरेल काय? मिक्सर, पंखे, शिलाईयंत्राच्या मोटारी — सगळं खोलायचं, चांगल्या पाण्याने गाळ धुवायचा, गच्चीवर उन्हात मांडायचं आणि आठवड्याने लांबूनच बटण दाबायचं. बरंचसं चालतं. माझा टेबलफॅन दोनदा बुडालाय, अजून फिरतो. कंट्रोलरही मी तसाच धुऊन सुकवून ठेवला होता. इथपर्यंतचं मी कुणालाही सांगू शकलो असतो. पुढचं नाही.

बुधवारी कॉलेजातून आल्यावर मी तो टेबलावर जोडून पाहिला. मोटारीला पंखा लावलाच नाही. घरात तपासताना पंखा लावायचा नाही, हा पहिला नियम. माझ्या बोटांची मी काळजी घेतली होती, एवढं ध्यानात ठेवा. रिमोटवरची मोटारीची दांडी पार खाली, म्हणजे मोटार बंद. बॅटरी लावली, नेहमीचे बारीक सूर वाजले. आणि मी कशालाही हात न लावता मोटार एकदम अर्धा फेरा फिरली — थांबली.

मी दांडी पाहिली. खालीच होती.

नंतर दहा वेळा जोडून पाहिलं, एकदाही तसं झालं नाही. ओल राहिली असेल, गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्याच्यावरचं मळकं प्लास्टिक सोललं. आत पिनांवर हिरवट थर चढला होता. तो ब्रशने खरवडला आणि वरून नवी काळी टेप गुंडाळली. नवा दिसावा म्हणूनच गुंडाळली.

रविवारी पठारावर छान थंड हवा होती. चंद्रकांतच्या हातात रिमोट, शेजारी मी. सुलभावहिनी विमान धरून गुडघ्यांवर बसलेल्या. बॅटरी विमानाच्या नाकात बसते, पंख्याच्या मागेच, आणि तिचं झाकण बोटांनी दाबून लावावं लागतं. चंद्रकांत म्हणाला, "नीट धर गो, झाकण लाव." त्यांनी उजवा हात पुढे नेला.

मोटार सुरू झाली. पूर्ण वेगाने.

पांढऱ्या फोमवर रक्त उडालेलं मला दिसलं. वहिनी आपल्या दोन बोटांकडे बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाची असावीत तशा.

आणि मी कुठे पाहिलं? रिमोटकडे. चंद्रकांतचे दोन्ही अंगठे वर होते, दांड्यांपासून लांब. मोटारीची दांडी तळाला टेकलेली. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तो मात्र बायकोकडे बघत होता, त्याला काही दिसलंच नव्हतं. त्याने मला विचारलं — मला! — "सर, माझा अंगठा लागला काय?"

मी म्हणालो, "लागला असेल, चंद्रकांत. नवीन माणसाचं होतं असं."

अजून आहे. दवाखान्यात न्यायला गावातली जीप येऊन चालू उभी होती, वहिनींच्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि मी "बॅटरी काढतो, नाहीतर पेटेल" म्हणत मागे राहिलो. टेप फाडून कंट्रोलर उपटला, खिशात घातला. रक्त वाहत असलेली ती बाई तेवढा वेळ माझ्यासाठी जीपमध्ये थांबून होती. पोलादपुरापर्यंतचा सगळा घाट तो माझ्या मांडीला टोचत होता. दुसऱ्या दिवशी पुलावरून सावित्रीत टाकून दिला.

एक बोट वाचलं, पण वाकत नाही. दुसरं अर्धं गेलं. वहिनी आता डाव्या हाताने भाकरी थापतात, लावणीला डाव्या हाताने रोपं खोचतात. चंद्रकांतचे हात धड आहेत, पण त्याचा स्वतःच्याच हातांवरचा भरवसा उडालाय. नांगरणीचा पॉवर टिलर भावाला देऊन टाकला. वहिनी जवळपास असल्या तर कोयता उचलत नाही. आणि मला भीती वाटते. पोलिसांची नाही — एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतं? हे ऐकताना त्याचा चेहरा कसा होईल, त्याची वाटते. रोज वाटते.

गेल्या महिन्यात त्याने जेवायला बोलावलं होतं. नाही म्हणायलाही भ्यालो, म्हणून गेलो. जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या अंगणात गेला, तशा वहिनी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, एक काम करा माझं. त्यांना सांगा, त्यांचा अंगठा लागला नव्हता म्हणून. मशीनच खराब होती म्हणा. खोटं का असंना. माझं ऐकत नाय, तुमचं ऐकतील. चार वर्षं झाली, माझ्या हाताकडं बघत नाय हो तो माणूस."

बाहेर पाणी सांडल्याचा आवाज येत होता. अजून तो आला नव्हता. मला वेळ होता.

मी म्हणालो, "वहिनी, खोटं कसं सांगू?"

"तेबी खरंच हाय," त्या म्हणाल्या, आणि डाव्या हाताने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी तो सगळा प्यायलो.