दहाबोटे नाना

नऊ बोटांच्या माणसाला गावानं टोपणनाव ठेवलं, तर समजू शकतं. आमच्या चुलत सासऱ्यांची दहाही बोटं शाबूत होती, तरी अख्खं पाटण त्यांना दहाबोटे नाना म्हणायचं. कोयनेच्या जलाशयात ते प्रवासी बोट चालवत. इंजिनाला हात लावून झाला की दोन्ही पंजे तोंडासमोर धरून मोठ्यानं बोटं मोजत. "दहाच्या दहा हायेत," असं म्हटल्याशिवाय बोट पुढं जात नसे.

बोटीचं नाक पाण्यात घुसायला लागलं किंवा आभाळाकडं बघायला लागलं, की मागच्या इंजिनाचा कल बदलावा लागतो. एक पिन या भोकातून काढून त्या भोकात घालायची, एवढंच काम. पण नाना त्याचा सोहळा करत. आधी इंजिन बंद. मग त्याची लाल दोरी उपसून दातांत धरायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते चालूच करता येऊ नये. पंखा थांबलेला बघायचा, इंजिन वर उचलून अडकवायचं आणि मगच पिन. तोवर त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नसे. तोंडात दोरी असल्यानं ते नुसतं "हं, हं" करत.

माझं लग्न पलीकडच्या तीरावर, सासरच्या दारात होतं आणि आमचं वऱ्हाड न्यायला नानाच आले होते. "जरा मधी बसा पावणं," ते विनवत होते. पण मानाची माणसं पुढंच बसणार. माझे मामा, दोन्ही काका, आत्याचे यजमान, सगळे फेट्यांसकट टोकाला. बोटीनं नाक खुपसलं आणि मामांचा फेटा भिजला. नानांनी इंजिन बंद करून पिन सरकवली, बोटं मोजली. तोवर मामा रुसून मागं जाऊन बसले. मग पुढं बसण्यात कसला मान, म्हणून बाकीचेही मागं गेले. आता नाक असं वर उठलं, की समोरचा तीर दिसेना. नानांनी पुन्हा इंजिन बंद केलं.

पलीकडून गुरुजींचे फोनवर फोन येत होते. मामा खवळले. "आवं, चालू इंजिनावरच सरकवा की. मुहूर्त टळतोय पोरीचा."

"मुहूर्त दुसरा बी गावंल पावणं, बोट न्हाई गावायचं," एवढं बोलून नानांनी दोरी दातांत धरली. मला रडू फुटलं. सासरच्या माणसाचा इतका राग मला पुढं कधी आला नाही.

मुहूर्त टळला तो टळलाच. पण गुरुजींनाही भूक लागली होती, त्यामुळे पंचांगात जेवणाआधीचा दुसरा लगेच सापडला. नानांनी अक्षता दोन्ही हातांनी टाकल्या.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी भेटायला गेले, तेव्हा डावा हात निर्जीव पडला होता. उजव्या हातानं तो उचलून त्यांनी माझ्यापुढं केला. मला आधी कळेना. कळलं तेव्हा दोन्ही पंजांचं एकेक बोट हातात घेऊन मी मोजलं. आमचं ते शेवटचं बोलणं.

"दहाच्या दहा हायेत, नाना."

"मग सोड बोट," ते म्हणाले.