पोचा पडलेला बिगूल आणि आमचे तात्या

हवालदार तुकाराम सूर्यवंशी, म्हणजे आपल्या सर्वांचे तात्या, यांची माझी पहिली ओळख भांडणाने झाली. साठीच्या गौरव अंकात असले काही लिहू नये, असे संपादक गुरुजींचे मत पडले. पण मी कल्हईचा धंदा करणारा माणूस. आतून कळकट असलेल्या भांड्याला नुसती बाहेरून चकाकी देणे मला जमत नाही. तेव्हा गुरुजींची माफी मागून जसे घडले तसे लिहितो.

कडेगावच्या पेठेत माझे कल्हईचे आणि भांडी दुरुस्तीचे दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी एका सकाळी उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पायरीवर उभे राहिले. त्यांनी पिशवीतून पितळेचा एक बिगूल काढला. त्याच्या तोंडाजवळ झीज होऊन भोक पडले होते आणि पोटाला चांगला वाटीएवढा पोचा होता.

"भोक तेवढं बुजव. पोचाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, "आवं, पोचा ठिवून भांडं परत द्यायचं म्हंजे माझ्याच दुकानाची बदनामी. असलं अर्धं काम मी करत न्हाई."

"मग दे हिकडं," असे म्हणून ते निघालेच. धंद्यातला माझा रागीटपणा पेठेत सर्वांना ठाऊक आहे, पण माझ्यापेक्षा हट्टी गिऱ्हाईक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अखेर मीच हाक मारून त्यांना बसवले आणि मुकाट्याने भोक बुजवले. हवा कुठून निसटत नाही ना, हे पाहायला मी बिगूल तोंडाला लावून फुंकला. असा काही खणखणीत सूर निघाला, की समोरच्या हॉटेलातली माणसे कप हातात धरून बाहेर आली.

तात्या माझ्याकडे टक लावून पाहत होते. ते जवळ आले, माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, "आ कर बघू." बाजारात बैलाचे दात पाहतात तसे त्यांनी माझे दात पाहिले, बोट लावून पुढचे चार हलवून पाहिले आणि म्हणाले, "लय बेस्ट. उद्या दिवस मावळायच्या आत शाळंच्या मैदानावर ये."

मी तिशीचा, दोन लेकरांचा बाप. मैदानावर जाऊन काय करायचे, हे विचारण्याचेही मला सुचले नाही. पण मी गेलो, आणि आपल्या पथकाचा पहिला बिगूलवाला झालो.

त्या काळी बिगूल आणि ड्रम म्हणजे शाळेतल्या मुलांची गोष्ट होती. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरीपुढे वाजवायचे आणि वर्षभर कपाटात ठेवायचे. मिशीवाल्या बाप्यांनी ओळीत उभे राहून डावा-उजवा करत ड्रम बडवावा, हे कोणाला पटणार? सुरुवातीला आम्ही सात जण होतो. मैदानाच्या कडेला बसून लोक पोट धरून हसत. मोठा ढोल गळ्यात घेणारे कोंडिबा हे उसाचे बागायतदार. त्यांच्या सासुरवाडीपर्यंत ही बातमी गेली आणि सासरे जावयाला समजवायला बैलगाडी जुंपून आले. तात्यांनी त्यांचेही दात पाहिले. सासरे परत गेले ते पुन्हा आले नाहीत.

तात्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. बिगुलाला ना बटणे ना पडदे. पाचच सूर, तेही ओठांच्या ताणाने काढायचे. कागदावरची सुरावट आम्हा कोणाला वाचता येत नव्हती. म्हणून लष्करातल्या प्रत्येक कॉलला, म्हणजे बिगुलावरच्या इशाऱ्याला, तात्यांनी आपल्या भाषेतले शब्द बसवले होते. पहाटेच्या कॉलला "उठा की रं, उठा की रं, ऊन आलं दारात". जेवणाच्या कॉलला "भाकरी झाली, कालवण न्हाई, या रं या". शब्द पाठ झाले की सूर आपोआप ओठांवर येत. दुष्काळात निम्मे पथक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. तिथेही ड्रमवाल्यांचे हातोडे ठेक्यात पडत आणि मुकादम वैतागून म्हणे, "आरं, खडी फोडा, वरात काढू नका." तात्या आठवड्यातून दोनदा सायकलवरून त्या कामावर जात, आणि दुपारच्या सुटीत बाभळीखाली सराव घेत. एकही आठवडा चुकला नाही.

त्यांच्या मायेची एक गोष्ट सांगतो. सराव संध्याकाळी असे. पहिल्या रमजानात माझे ओठ दिवसभराच्या उपासाने वाळून जात आणि सूर फाटे. मी काही बोललो नाही. चौथ्या दिवशी तात्यांनी हुकूम काढला, की महिनाभर सराव पहाटे होईल. अख्खे पथक धारा काढायची वेळ मोडून मैदानावर येई आणि येता येता मला शिव्या देई. तात्या म्हणत, "त्येला बोलू नका. त्येचं ओठ पथकाचं हायत." ईदला त्याच सगळ्यांनी माझ्या घरी येऊन शिरखुर्मा संपवला, तो भाग वेगळा.

पथक वाढले. साताचे पंचवीस झाले. साताऱ्याच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आम्ही वाजवले, सांगलीत गणपतीपुढे वाजवले. ट्रकमध्ये मागे उभे राहून गावोगाव जाऊ लागलो. हसणारे लोक आता वराती ठरवायला येऊ लागले. तात्या वराती घेत, पण एक अट घालत: गाडी सुरू होण्याआधी ते प्रत्येकाच्या गणवेशाची बटणे स्वतः तपासत. एखादे निघाले असेल, तर जवळचा सुईदोरा काढून स्वतः लावत.

स्वतः मात्र ते कधी वाजवत नसत. त्यांचे पुढचे वरचे चार दात नव्हते आणि दातांच्या आधाराशिवाय बिगूल वाजत नाही. एकदा आमच्या आग्रहाने मिरजेला जाऊन त्यांनी कवळी बसवून आणली. पहिल्याच फुंकरीला कवळी अंगणात. आम्ही हसलो, तेही हसले. दात कसे गेले, हे आम्ही विचारले नाही. म्हाताऱ्या माणसाचे दात जातातच, असे आम्ही धरून चाललो होतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. तात्या एकटे असले की एक संथ चाल नाकातल्या नाकात गुणगुणत. तिला शब्द नव्हते. आम्हाला त्यांनी ती कधी शिकवली नाही. पण माझ्या कानाला ती चिकटली आणि दुकानात भाता ओढता ओढता मी ती बसवली. ज्याला शब्द नाहीत ते कोणाच्या मालकीचे नाही, असे मला वाटले. तात्यांना एकदा ऐकवून चकित करायचे, हा माझा बेत.

संधी औंधजवळच्या एका लग्नात आली. मुलीच्या पाठवणीची वेळ होती. वधूपिता जवळ येऊन म्हणाले, "आता जरा हळू, गोड कायतरी वाजवा." मी पुढे झालो आणि ती चाल सुरू केली. बायका रडू लागल्या. मला वाटले, जिंकलो. मग पाहतो, तर मांडवातली आठ-दहा माणसे, सगळे सुटीवरचे किंवा निवृत्त फौजी, एकेक करून उभी राहिली. पाय जुळवलेले, हात बाजूला, नजर समोर. आणि मांडवाच्या खांबापाशी तात्या. तेही सावधान. गालावरून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात वर येत नव्हता.

मी शेवटचा सूर संपवला. वधूपित्याने मला मिठी मारली, "फौजी लोकं सुदिक हुभी राह्यली, गड्या! आमच्या जावयाला केवढा मान!" कोणाही फौजीने त्यांना खरे सांगितले नाही, हा त्या लोकांचा मोठेपणा. तो कॉल म्हणजे लास्ट पोस्ट होता. मेलेल्या शिपायाला निरोप देताना तो वाजवतात. मी तो नवरीच्या पाठवणीला वाजवला होता.

तात्यांनी माझ्या हातातला बिगूल घेतला आणि झांज दिली. दोन महिने मी झांज वाजवली. मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. चूक झाली हे कबूल, पण पथकाचा पहिला बिगूलवाला झांज कुटतो म्हणजे काय!

मग एका सकाळी ते दुकानात आले, तोच जुना बिगूल पिशवीत घेऊन. पायरीवर बसले आणि त्यांनी मला जे सांगितले, ते त्यांच्या परवानगीने इथे लिहितो. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ते इटलीत होते. त्यांचा जिवलग सोपान, कवठे महांकाळकडचा, त्यांच्याच तुकडीत. एका तोफगोळ्यात सोपान गेला आणि त्याच गोळ्याने तात्यांच्या हातातला बिगूल तोंडावर आदळून त्यांचे चार दात गेले. बिगुलाला पोचा पडला तो तेव्हा. तुकडीचे बिगूलवाले तेच होते. सोपानला निरोप द्यायला लास्ट पोस्ट वाजवायचा मान त्यांचा, आणि तोंड रक्ताने भरलेले. कॉल वाजलाच नाही.

"परत आलो तवा सोपानच्या बायकुला, हिरावहिनीला भेटाय गेलो," ते म्हणाले. "अठरा वर्सांची पोर. तिनं इचारलं, त्यास्नी बिगूल वाजवून निरोप दिला का? म्या म्हटलं, दिला वहिनी, मीच वाजवला. ती म्हणाली, कसा वाजवत्यात त्ये एकदा ऐकवा. म्या म्हटलं, यीन पुन्यांदा. न्हाई गेलो, इस्माईल. तीस वर्सं झाली. तिच्या गावावरनं जाणारी यष्टीसुदिक टाळतो."

दुसऱ्या कोणा फौजी बिगूलवाल्याला त्यांनी नेले नाही, कारण त्याच्यापुढे खोटे उघडे पडले असते. पथक काढले ते आपल्या हाताखाली एखादे तोंड तयार व्हावे म्हणून. आणि ते तयार झाले तरी त्यांना धीर होत नव्हता.

"चोरून शिकलायस त्यात तीन जागी चुकतोस," ते म्हणाले. "आता नीट शीक."

दीड महिना आम्ही ओढ्याकाठी सराव केला. मग पथकातले आम्ही आठ जण, गणवेश घालून, हिरावहिनींच्या गावी गेलो. त्या पन्नाशीच्या, अंगणात ज्वारी वाळत घालत होत्या. तात्या पुढे झाले. मैदानावर भल्याभल्यांना दरडावणारा हा माणूस खाली मान घालून बोलला.

"वहिनी, म्या खोटं बोललो हुतो. तवा वाजवलं न्हवतं."

हिरावहिनींनी सूप खाली ठेवले. "ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तोंडात दात न्हाईत आन म्हनं म्या वाजवला. आमच्या गावात शिमग्याला शिंग वाजवत्यात भाऊजी, एवढं कळतंय मला. वाजवलं न्हाई म्हनून मानसानं यायचं सोडावं व्हय? म्या तीस वर्सं वाट बघितली. ह्येंची कायतरी गोष्ट सांगाय तरी कोन येईल म्हनून."

तात्या खालीच बसले. त्यांच्यासाठी पाणी आणायला वहिनी आत गेल्या.

मग मी तो पोचा पडलेला बिगूल घेतला आणि अंगणात उभा राहून पूर्ण कॉल वाजवला. तिन्ही जागा बरोबर आल्या. तात्या सावधान उभे होते, वहिनी जोत्यावर बसून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारले, "ह्येला शब्द न्हाईत व्हय?"

"न्हाईत," तात्या म्हणाले.

"बरं हाय. ज्येनं त्येनं आपलं घालावं."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना भाकरी आणि हुलग्याचे माडगे वाढले. तात्या दिवस कलेपर्यंत सोपानच्या गोष्टी सांगत बसले. तेव्हापासून दर महिन्याला ते त्या एसटीने जातात. पोचा का काढायचा नाही, ते मला कळले. आता कोणी सांगितले तरी मी त्याला हातोडी लावणार नाही.

आज तात्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पथकात तीस जण आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचे दात त्यांनी मोजलेले आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे सगळेच लिहितील, मीही लिहितो. पण माझी एक खासगी मागणी आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून हुकूम दिला, "माझ्या टायमाला लास्ट पोस्ट तूच वाजवायचा. त्याच बिगुलावर." हवालदाराच्या हुकमाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी हो म्हणालो. आता मी चाळीस वर्षांचा, आणि माझे पुढचे चारही दात अजून दगडासारखे पक्के आहेत. अल्लाकडे आणि औंधच्या यमाईकडे माझे एवढेच मागणे, की ते चारी दात म्हातारपणाने आपोआप पडून जाईपर्यंत तात्यांनी जगावे. मग मला तो हुकूम पाळताच येणार नाही.