इस्मेनियाची काइग्वा

अरेकिपाच्या बाजारात मी आईच्याच जागेवर भाजी विकायला बसते. इस्मेनिया पहिल्यांदा आली ती म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून. दोघं व्हेनेझुएलातलं घर सोडून नुकतीच इथे पेरूत आली होती.

"राणी, आउयामा आहे का गं?"

ओळख ना पाळख, आणि राणी! आमच्याकडे विकणारी आणि घेणारी एकमेकींना 'कासेरा' म्हणतात, तेवढ्यावर भागतं.

"ते काय असतं, कासेरा?"

तिने हवेत हात फिरवून मोठा गोल काढला. "असं पोट सुटलेलं. आत पिवळंधमक. बाबांचे दात गेलेत, त्यांना सूप करून घालायचंय."

"अगं बाई, सापायो!" मी भोपळ्याच्या फोडीवर थाप मारली. "तुझ्या नाकासमोर तर आहे."

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग कोवळ्या कणसांना होहोतो म्हणाली. आम्ही म्हणतो चोक्लो. तिची माझी भाषा एकच, स्पॅनिश, पण भाजी दिसली की तिची जीभ अडखळायची.

काइग्वा तर तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. हिरवी, टोकदार, आतून पोकळ. तिने दाबून बघितली.

"रिकामीच विकतेस? आतला गर कुणी खाल्ला?"

"गर नसतोच. आत तू भरायचं. आम्ही खिमा भरतो."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. तिने काइग्वात काळा घेवडा आणि चीज भरलं होतं. गल्लीतल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग डबा पुसून खाल्ला. तेव्हापासून ती बाजाराच्या दारात भरलेली काइग्वा विकायला लागली.

तिचे वडील, डॉन एवेलिओ, दिवसभर माझ्याजवळ खोक्यावर बसायचे. जन्म बसच्या कंडक्टरकीत गेलेला, गळा खणखणीत. ओरडायचे, "आउयामा घ्या, सापायो घ्या! बाई एकच, नवरे दोन!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण भोपळा दुपारच्या आत संपायचा.

थंडीत ते गेले. दफनाच्या वेळी इस्मेनिया रडली नाही. नंतर एकदा माझ्याकडून भोपळ्याची फोड पिशवीत टाकताना मात्र तिला हुंदका आवरेना. मी तिला त्याच खोक्यावर बसवलं, पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा ओतल्या. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी सोलत बसलो.

पुढे गावाकडे बहीण आजारी पडली, म्हणून ती परत गेली. निघताना मी तिला काइग्वाचं बी बांधून दिलं.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. वेल कुंपणावर चढलाय म्हणाली. मग म्हणाली, "नेलिदा, परवा बाजारात अव्होकाडो मागताना तोंडातून तुमचा शब्द गेला, पाल्ता. विकणारी विचारते, ताई, तुम्ही कुठल्या हो?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"आता तिकडे काय चाललंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं. गर्दी आहे. गिऱ्हाईक उभं आहे."

"मग फोन ठेवू नकोस. नुसता बाजूला ठेव. मला ऐकू दे."

मी फोन भोपळ्याच्या ढिगावर ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळले.