तपकिरी साडी

जामनगरच्या त्या गल्लीत लाभुबेनला विचारल्याशिवाय बायका कपाट उघडत नसत. घरबसल्या बांधणीचे ठिपके बांधणारी ही बाई. लग्नात मामाने दिलेलं पांढरं पानेतर आधी नेसायचं, सासरचं लाल घरचोळं मागून, सीमंताच्या डोहाळजेवणाला बांधणी, मयताच्या बेसण्याला पांढरी, सारं तिला तोंडपाठ. विचारलं की ती खुलायची.

तिचा एकुलता एक मुलगा भाविन ट्रकखाली गेला. सून पारुल तेव्हा पंचविशीतही नव्हती.

दुखवट्याच्या बेसण्याला घर पांढऱ्या साड्यांनी भरलं. खळीचा आणि पावडरीचा वास खोलीत कोंडला होता. डोळ्यांना पदर लावता लावता शेजारच्या रसिलाने दुसरीच्या साडीच्या काठावरून बोट फिरवलं. "चिकनकारी का गं? राजकोटहून आणलीस?" मग लाभुबेनकडे झुकून कुजबुजली, "भाभी, बेसण्याला एवढी लेस चालते ना?"

समोर मुलाचा फोटो, त्याला हार, आणि ही लेस विचारतेय! लाभुबेन उठून मोरीत गेली, ओकली, चूळ भरून परत येऊन बसली.

बायका पांगल्यावर लाभुबेनची नणंद कांताबेन हिने पिशवी सोडली. आत तपकिरी साड्या होत्या.

"वहिनी, पारुलला आजपासून याच. आणि तिचं ते घरचोळं घरात ठेवू नका, अपशकुन असतो. माझा ओळखीचा जरीवाला आहे, जाळून चांदी काढून देतो."

"जाळून?"

"मग काय, नेसणारेय ती आता?"

पारुल भिंतीला टेकून ऐकत होती. लाभुबेनला नणंदेच्या पान खाल्लेल्या लाल ओठांकडेही बघवेना.

"कांताबेन, उचला हे. किळस येते मला."

"अगंबाई! मागे तुमच्या गल्लीतली मंजू विधवा झाली तेव्हा तपकिरी साडी कुणी सांगितली होती? तुम्हीच ना? सून आली की नियम बदलले?"

ते खरं होतं. आता लाभुबेनला स्वतःच्याच जिभेची शिसारी आली. तिने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली. कांताबेन पाय आपटत गेली, ती पिशवी काखेत मारूनच.

वैशाखात कांताबेनच्या मुलीचं लग्न निघालं. लाभुबेनने डोळे फोडून हिरवी बांधणी बांधली, रंगवून आणली आणि पारुलपुढे धरली. "ही नेस. बघू दे सगळ्यांना."

पारुलने हात लावला नाही.

"बा, कांताफईंनी तपकिरी आणली, तुम्ही हिरवी देताय. माझ्या अंगावर तुमचं भांडण कशाला? मला त्या लग्नाला जायचंच नाही. तिथल्या एकेकीचे डोळे आठवले तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं."

लाभुबेनला झोंबलं. तिने बांधणीची घडी घातली.

दोघीही लग्नाला गेल्या नाहीत. पुढच्या सोमवारी पारुल पितळी नळांच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागली, साध्या पिवळ्या पंजाबी ड्रेसमध्ये. ओट्यावर बसलेल्या रसिलाने हाक मारली, "लाभुभाभी, विधवेला पिवळा चालतो का हो?"

"तिला विचार," लाभुबेन म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढे गल्लीतल्या बायका साड्यांचं विचारायला मंजूकडे जाऊ लागल्या. तपकिरी साडीतली मंजू त्यांना सगळं नीट सांगायची.